वर्षभर कुणी मरायचं नाही

ब्रेकबाईंच्या घरी चहाला जावं, त्यांच्याशी तासभर गप्पा माराव्यात, हवं तर त्यांच्याकडून उसनी छत्री आणावी, पण त्यांना शेजारी बसवून गाडी चालवू नये. गल्लीत याबाबत दोन मतं नाहीत. बाई सीटवर बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली, की त्यांचा उजवा पाय कामाला लागतो. समोर सायकलवाला दिसला, दाब. सिग्नल पिवळा झाला, दाब. पुढची गाडी नुसती विचारात पडल्यासारखी वाटली, तरी दाब. आपल्या पायाखाली एका पायपुसण्याशिवाय काही नाही, हे त्यांच्या डोक्याला चांगलं माहीत आहे. पायाला मात्र अजून कुणी कळवलेलं नाही.

त्यांचा तरी काय दोष? अर्धं आयुष्य बाईंनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं, आणि अजून शिकवतात. शिकवायच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी असतो आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर बाईंनी गावातले खांब वाचवले, भिंती वाचवल्या, टोमॅटोच्या हातगाड्या वाचवल्या. संसारही वाचवले म्हणायला हरकत नाही, कारण आधी नवऱ्याकडून गाडी शिकायला निघालेल्या बायका, आठवडाभर अबोला धरून, शेवटी त्यांच्याकडेच यायच्या.

पण सवय गाडीतून उतरली आणि घरात शिरली. टीव्हीवर नायिका जिन्यात अडखळली की बाईंचा पाय गालिच्यात रुततो. गालिच्याला त्या जागी टक्कल पडलंय. त्यांचा नवरा औषधांचं दुकान चालवतो. तो म्हणतो, "सगळ्या अवयवांच्या गोळ्या आल्या. या पायाची तेवढी कंपनीने काढलेली नाही."

आणि हीच बाई पुस्तक कसं वाचते? आधी शेवटचं पान. ते शांतपणे, चष्मा पुसून, दोनदा. मग पहिलं पान. मधलं मग सवडीने, कधी सगळं, कधी जमेल तेवढं. कुणी नावं ठेवली की त्यांचं उत्तर ठरलेलं: "पुढे खड्डा आहे की नाही ते बघूनच मी गाडी घालते. तुम्हाला आपटायची हौस असेल तर आपटा."

हे ऐकून घ्यावं लागे ते रंगाच्या दुकानातल्या वाचनमंडळाला. मंडळ म्हणजे काय, चार टाळकी. दुकानाचे मालक रंगवाले, भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, आपल्या ब्रेकबाई, आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण, दातांची डॉक्टर. या डॉक्टरीणबाईंना सगळे अक्कलदाढ म्हणत. तोंडावर म्हणत. नाव त्यांच्या नवऱ्यानेच ठेवलेलं. "जागा नसताना येते, येताना दुखवते, आणि आली की बाकीच्यांना सरकून बसावं लागतं," असा त्याचा खुलासा होता.

नवरा वकील होता. कोर्टात म्हणे तो फारसं तोंड उघडत नसे. सगळा साठा घरी वापरायचा. दोघांचं जमायचंही त्यावरच. खिडकी उघडी ठेवावी की बंद, डावीकडून लवकर पोचतो की उजवीकडून, काल भाजीत मीठ कमी होतं की त्याच्या जिभेला चव कमी होती. अक्कलदाढबाईंना हे वाद म्हणजे जीव की प्राण, आणि तेही समजण्यासारखं आहे. त्या दिवसभर लोकांशी बोलत, पण समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी. उत्तर म्हणून नुसता घशातून आवाज. उलट बोलणारं माणूस भेटायचं ते संध्याकाळी घरी, आणि रविवारी रंगाच्या दुकानात.

दुकान रविवारी दुपारी बंद असे. मागच्या खोलीत डब्यांच्या रांगा लावून त्यातल्याच चार पालथ्या डब्यांवर मंडळ बसायचं. आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, मधे चहा, मग पुस्तकावरून भांडण. दर नव्या वर्षाला एक विषय ठरवायचा आणि वर्षभर त्याच विषयाची पुस्तकं वाचायची, अशी त्यांची रीत. समुद्राचं वर्ष झालं होतं, चोरांचं झालं होतं, भावंडांचं झालं होतं. एक वर्ष रंगवाल्यांच्या हट्टाने नावात रंग असलेल्या पुस्तकांचंही झालं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

विषय निवडायची पद्धत अशी. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ज्याला विषय सुचवायचा असेल त्याने एक पुस्तक नमुन्याला आणायचं. मग रंगवाले डोळे मिटून, रंग ढवळायची लाकडी पट्टी त्या पुस्तकात कुठेतरी खुपसायचे. पट्टी जिथे शिरेल ते पान मोठ्याने वाचायचं. हा नियम मास्तरांमुळे आला. एका वर्षी त्यांनी वाळवंटावरच्या पुस्तकातलं एकमेव बरं पान पाठ करून आणलं होतं, आणि बाकीचं वाळवंट मंडळाला वर्षभर तुडवावं लागलं होतं. वाचून झालं की प्रत्येक विषयाचं एक डब्याचं झाकण मांडायचं. ज्याला जो विषय पसंत त्याने त्या झाकणावर बोटाने आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. स्वतःच्या झाकणावर द्यायचा नाही. रंगवाल्यांचा निळा, मास्तरांचा चॉकलेटी, ब्रेकबाईंचा अर्थातच लाल, आणि अक्कलदाढबाईंचा पांढरा. "दुसरा कुठला रंग मी दिवसभर बघते?" असं त्या म्हणत. जिंकलेलं झाकण भिंतीवर खिळ्याला. हरलेल्या झाकणांवर ब्रश फिरवून ती पुन्हा डब्यांवर.

तर त्या वर्षी विषय होता कुटुंब. मास्तरांनी सुचवलेला. वर्ष सुरू झालं तेव्हा सगळं ठीक होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर अक्कलदाढबाईंचा नवरा गेला. आजारी नाही, काही नाही. सकाळी दाढी करून, पेपर घेऊन खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

महिन्याभराने त्या दुकानात आल्या. आपल्या डब्यावर बसल्या. हातातल्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात सासरे मरत होते. वाचायची पाळी मास्तरांची. त्यांनी सासरे आजारी पडलेले बघितले, खाकरले, आणि चार पानं एकदम उलटली. पुढे त्याच सासऱ्यांच्या खोलीत सुनेने शिवणयंत्र मांडलेलं होतं. सासरे कुठे गेले, कुणी विचारलं नाही. रंगवाले उठून चहा करायला गेले, तो नुकताच झाला होता. अक्कलदाढबाई म्हणाल्या, "बरी आहे कादंबरी." सगळे म्हणाले, "हो, हो. छानच आहे." त्यांना कुणी अक्कलदाढही म्हणालं नाही. 'डॉक्टर' म्हणाले. 'डॉक्टर, बिस्कीट घ्या.' असं आणखी दोन रविवार झालं, आणि मग त्यांचा निरोप आला, की दवाखान्यात फार गर्दी असते, जमेलसं वाटत नाही.

रविवारी दवाखाना बंद असतो, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे.

ब्रेकबाईंनी तो निरोप वाचला आणि त्यांचा पाय जमिनीत रुतला. या मैत्रिणीला त्यांनीच गाडी शिकवली होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबाशी वाद घालून ती पुन्हा पुन्हा नापास होत होती. शेवटी बाईंनी तिला परीक्षेभर तोंडात लवंग धरून बसायला लावलं, तेव्हा कुठे पास झाली. तेव्हापासूनची ही मैत्री. तिला असं हळूहळू रस्त्याच्या कडेला सरकताना बघत बसायचं, आणि पायाखाली काही नाही. हिवाळा आला तरी रविवारचा चौथा डबा रिकामाच. बाईंनी मनाशी घोकून टाकलं, की नव्या वर्षात ती परत आली नाही, तर ती कायमची गेली.

डिसेंबर लागला तसा त्यांनी औषधांच्या दुकानात नवऱ्याला गाठलं. तो खोकल्याच्या बाटल्या लावत होता.

"अहो, मला विषय सुचलाय. ज्यात कुणी मरत नाही अशी पुस्तकं. वर्षभर. एकही माणूस मरायचा नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर. तिला सांगायचं, ये, निर्धास्त बस, पुढे रस्ता साफ आहे."

नवऱ्याने एक बाटली इकडची तिकडे केली. "आणि तिला हेच हवंय, असं ती म्हणाली?"

"काही गोष्टी विचारायच्या नसतात. समोर खड्डा दिसतोय तर शिकणाऱ्याला विचारत बसायचं का, दाबू का म्हणून?"

नवरा पुन्हा बाटल्यांकडे वळला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला कुठे दाबायचं ते कळत होतं.

तिथून ब्रेकबाई वाचनालयात गेल्या. तिथल्या बाई एरवी कुणाकडे मान वर करून बघत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून बराच वेळ बघितलं.

"कुणीच मरत नाही असं?"

"कुणीच."

"मग स्वयंपाकाचं देऊ?"

"त्यात कोंबडी मरते."

"ताऱ्यांचं आहे एक. सुंदर चित्रं आहेत."

"तारेही मरतात हो, मी टीव्हीवर बघितलंय. भलामोठा भडका उडतो."

"मग गाड्यांचं वेळापत्रक न्या."

"ते निव्वळ काल्पनिक असतं," ब्रेकबाई म्हणाल्या, आणि स्वतःच कपाटांत शिरल्या.

त्यांची पद्धत सोपी होती. पुस्तक काढायचं, शेवटचं पान उघडायचं. कुणी रडतंय, कुणी फोटोला हार घालतंय, कुणी एकटंच खिडकीशी उभं आहे, की ठेव परत. कुणी हसतंय, जेवतंय, गाडी पकडतंय, की घे पिशवीत. असं करत त्यांनी सगळा डिसेंबर तिथे काढला. शिकाऊ मंडळी गाडीत बसून हॉर्न वाजवत राहायची. शेवटी बाईंच्या पिशवीत वर्षभर पुरतील एवढी पुस्तकं जमली, आणि सगळ्यात वर ठेवली एक जाडजूड कादंबरी. डोंगराच्या पायथ्याशी छोटं हॉटेल चालवणाऱ्या नवराबायकोची. तिचं शेवटचं पान इतकं गोड, की बाईंनी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. अंगणात पाहुण्यांची मुलं धिंगाणा घालतायत, दोरीवर धुतलेल्या चादरी फडफडतायत, एक चादर वाऱ्याने त्या बाईच्याच डोक्यावर येऊन पडते, आणि ती आत गुंडाळलेली हसत सुटते. नमुन्याला हेच. कुठेही खुपसा म्हणावं पट्टी, सगळे ठणठणीत.

आता मैत्रिणीला आणायचं. फोन ती उचलत नव्हती. म्हणून ब्रेकबाईंनी सरळ दवाखान्यात नंबर लावला आणि दाढ दुखते म्हणून खुर्चीत जाऊन पडल्या.

"तोंड उघड," अक्कलदाढबाई म्हणाल्या.

"अगं, मी काय म्हणते—"

"उघड. बघायला उघड, बोलायला नाही."

आरसा आत गेला. दिवा डोळ्यांवर आला. मैत्रीण वाळली होती. गळ्यातली साखळी आत हाडाशी टेकत होती. बाईंचा पाय खुर्चीच्या टोकाला एकदा दाबला गेला आणि खुर्ची कुरकुरली.

"पाय आवर. ही खुर्ची उलटायची." आरसा फिरला. "हवा फार कोरडी झाली आहे ना यंदा?"

आरसा बाहेर आल्याबरोबर ब्रेकबाई म्हणाल्या, "हो गं. फारच कोरडी."

"मला तर दमट वाटते."

"हो, म्हणजे दमटच तशी."

अक्कलदाढबाईंनी आरसा खाली ठेवला आणि मैत्रिणीकडे बघितलं, एखाद्या दाताच्या फोटोकडे बघतात तसं. "दाढ तुझी ठीक आहे. बाकी काय बिघडलंय ते कळत नाही."

"रविवारी ये ना गं. विषय निवडायचाय. मी आणलाय यंदा. चांगला आहे, खरंच. तुला काही... म्हणजे तुला आवडेल असाच आहे."

"बघते."

"जमलं तरच हां. नाही जमलं तरी काही नाही. अजिबात मनावर घेऊ नकोस."

"बघते म्हटलं ना," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. इतक्या वर्षांत या बाईने ब्रेकबाईंना वाद न घालता कधी दारापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. जिना उतरताना ब्रेकबाईंना वाटलं, आपण बरोबर दाबतोय ना?

पण रविवारी ती आली. शटरखालून वाकून आत शिरली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि चौथ्या डब्यापाशी उभी राहिली. तर डब्यावर उशी.

"ही कुणी ठेवली?"

"मी," रंगवाले म्हणाले. "डबा गार लागतो, डॉक्टर."

"इतकी वर्षं काय गरम लागत होता?"

"नाही, नाही. तुमचं बरोबर आहे." रंगवाल्यांनी उशी काढली. मग बरं दिसेना म्हणून पुन्हा ठेवली. शेवटी ती हातात घेऊन बसले.

मास्तरांनी डोंगरांचा विषय आणला होता. पट्टी शिरली ती हवामानाच्या तक्त्यांत. मास्तरांनी ते मन लावून वाचलं. एरवी अक्कलदाढबाईंनी त्यांना दुसऱ्याच ओळीला धरलं असतं. आज त्या नुसत्या म्हणाल्या, "छान माहिती आहे." मास्तर म्हणाले, "तुम्हाला कंटाळा आला असेल तर थांबतो." "नाही, वाचा." "नको, थांबतोच." आणि थांबले. रंगवाल्यांनी यंदा विषयच आणला नव्हता. रंगांच्या वर्षानंतर त्यांनी हाय खाल्ली होती.

मग ब्रेकबाई उठल्या. कादंबरी पुढे धरली आणि घसा साफ केला. "माझा विषय आहे, ज्यात कुणी..." मैत्रिणीकडे बघून त्यांनी वळण बदललं. "...ज्यात सगळं नीट होतं अशी पुस्तकं. घाला पट्टी."

रंगवाल्यांनी डोळे मिटले. पट्टी गेली ती बरोबर मध्यावर.

ब्रेकबाई वाचू लागल्या. सकाळची वेळ. पाहुणे अजून उठले नव्हते. हॉटेलवाली चहाचे दोन कप घेऊन जिना चढून वर आली. गच्चीत नवरा आरामखुर्चीत बसलेला, मांडीवर पेपर. तिने त्याच्या हाताशी कप ठेवला. मग ती कठड्याशी उभी राहून खालच्या रस्त्याकडे बघत बोलू लागली, की माळी आज येणार नाही, तीन नंबरच्या खोलीचा नळ गळतोय. ती बोलत होती आणि तो...

बाईंची नजर सवयीने चार ओळी पुढे होती. त्या थांबल्या. पाय खाली गेला, फरशीवर, पूर्ण. पुस्तक काही थांबलं नाही. ओळी तिथेच होत्या.

"आणि तो..." त्या म्हणाल्या. "तो उठला. ताडकन उठला. म्हणाला, वा, काय चहा झालाय. मग त्याने मोजे घातले. आणि तो फिरायला गेला. भरभर. बराच लांब गेला. तब्येत अगदी उत्तम होती त्याची. वाटेत त्याला एक रंगवाला भेटला."

"मी?" रंगवाले म्हणाले.

"दुसरा. मग त्यांनी... नळाचं बघितलं. नळ लगेच दुरुस्त झाला. आणि सगळे जेवायला बसले."

"ओघवती शैली आहे," मास्तर म्हणाले.

अक्कलदाढबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे."

"अक्षर बारीक आहे गं."

"दे."

पुस्तक गेलं. अक्कलदाढबाईंनी चष्मा वर सरकवला आणि जिथून मोजे सुरू झाले होते तिथून खरं पान वाचायला घेतलं. सावकाश, एका आवाजात. नळाचं सांगून झालं, माळ्याचं सांगून झालं, तरी तो काही बोलला नाही. ती म्हणाली, ऐकतोस ना? चहावर साय धरली होती. तिने वळून बघितलं. चष्मा नाकावर तसाच होता आणि पेपर वाऱ्याने एक एक पान उलटत होता, जणू तोच वाचतोय. ती पुन्हा रस्त्याकडे वळली आणि नळाचं सगळं परत पहिल्यापासून सांगू लागली.

पान संपलं. रंगवाल्यांनी उशी पोटाशी घट्ट धरली होती.

"हा नीट होण्याचा विषय?" अक्कलदाढबाईंनी विचारलं.

"मला माहीत नव्हतं गं, शप्पथ. मी शेवटचं पान बघितलं होतं. सगळे हसत होते. मुलं होती, चादरी होत्या."

अक्कलदाढबाईंनी पुस्तकाचं शेवटचं पान काढलं, वाचलं. "मुलं आहेत. पाहुणे आहेत. ती आहे. आणि हा कुठे आहे? एवढं दोनदोनदा वाचतेस, तर माणसं आहेत की नाहीत ते बघायचं नाही?"

ब्रेकबाईंचा चेहरा पडला. "मला वाटलं, बाहेर गेला असेल. काही सामान आणायला."

मास्तर भिंतीवरच्या झाकणांकडे बघू लागले. अक्कलदाढबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, आणि त्यावर हात.

"मलाही तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. "पेपर आणायला गेला असेल. येताना नक्की उजवीकडून येत असेल, म्हणून उशीर." आणि त्यांना हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यांनी रंगवाल्यांच्या उशीला पुसलं. "म्हणून तू वर्षभराची माणसं जिवंत ठेवणार होतीस होय? सगळ्यांना मोजे घालून फिरायला पाठवणार?"

"तुला त्रास नको म्हणून."

"त्रास या पुस्तकाचा नाही गं. त्रास तुमचा होतो. मी म्हटलं कोरडं, तर तू कोरडं. मी म्हटलं दमट, तर दमट. मास्तर वाचायचे थांबतात. हा मनुष्य उशी घालतो. हो ला हो करायला माझ्या घरात भिंती आहेत, त्यासाठी शटरखालून वाकून इथे कशाला येऊ? तुम्ही सगळे इतकं जपून वागता, की मला वाटतं, त्या दिवशी मीच गेले आणि मला कुणी सांगितलं नाही."

आता इथे पुन्हा 'तुमचं बरोबर आहे' असं कुणी म्हटलं असतं, तर चौथा डबा कायमचा रिकामा झाला असता. रंगवाल्यांचं तोंड त्यासाठी उघडलंही होतं. पण ब्रेकबाईंना, ब्रेक निकामी व्हावा तसा, एकदम राग आला. महिनोन्महिने दाबून ठेवलेला.

"मग सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "तोंड आहे ना तुला? दिवसभर लोकांची उघडायला लावतेस. माझा फोन उचलत नाहीस, रविवारचा दवाखाना आहे म्हणून थापा मारतेस, आणि आम्ही काय मनकवडे आहोत? मी सगळा महिना त्या वाचनालयात काढला. ती बाई मला वेडी समजते. आणि हवा कोरडीच आहे यंदा. दमट म्हणे. दमट असती तर माझ्या टाचांना भेगा पडल्या असत्या का?"

"भेगा वयाने पडतात."

"तुझ्या पडल्यात का?"

"मी तेल लावते."

"बघितलंय तुझं तेल. जागा नसताना येतेस आणि येताना सगळ्यांना दुखवतेस. तो उगाच म्हणत नव्हता. अक्कलदाढ ती अक्कलदाढच."

शब्द निसटला आणि ब्रेकबाईंनी जीभ चावली. पण अक्कलदाढबाईंनी डबा खर्रकन पुढे ओढला, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकली, आणि कित्येक महिन्यांनी जेवायला बसलेल्या माणसासारख्या म्हणाल्या, "हं. आता बोल."

धीर आलेले मास्तर म्हणाले, "खरं सांगायचं तर ते पान मला फारसं जमलेलं वाटलं नाही."

"आत्ता तर ओघवती शैली होती," अक्कलदाढबाई त्यांच्याकडे वळल्या.

"ती यांची. मोज्यांची."

"मास्तर, तुमच्या तक्त्यांपेक्षा ते मोजेसुद्धा वाचनीय होते. पाऊस किती पडला ते सांगायला तीन पानं?"

"त्यात उंची पण होती," मास्तर दुखावून म्हणाले. आणि मग अर्धा तास रंगाच्या दुकानात जो कलकलाट झाला, तो ऐकून समोरच्या इमारतीतलं कुणीतरी खिडकीत येऊन उभं राहिलं, आणि बरं वाटून आत गेलं.

मतं द्यायची वेळ आली तेव्हा अक्कलदाढबाईंनी तिसरं झाकण मागितलं. "माझाही विषय आहे. पुस्तक आणलं नाही, त्यामुळे पट्टीही नाही, नियम मोडतेय, काय म्हणायचं ते म्हणा. भांडणांची पुस्तकं. ज्यात माणसं मनापासून, नीट, घासून भांडतात अशी. मरायचं त्याने मरावं, जगायचं त्याने जगावं, पण गप्प कुणी बसायचं नाही."

निळा ठिपका भांडणांवर पडला. चॉकलेटी ठिपका जरा कुरकुरत, पण तिथेच पडला. ब्रेकबाईंनी लाल रंगात बोट बुडवलं, आपल्या झाकणाकडे एकदा बघितलं, आणि लाल ठिपका भांडणांवर दिला.

राहिल्या अक्कलदाढबाई. स्वतःच्या झाकणाला त्यांना हात लावता येत नव्हता. त्यांनी मास्तरांचे डोंगर ओलांडले आणि ब्रेकबाईंच्या कोऱ्या झाकणाच्या बरोबर मधोमध एक पांढरा ठिपका दिला. दाताएवढा.

"हरलीस तरी," त्या म्हणाल्या. "महिनाभर उभ्याने वाचलंस म्हणून."

रंगवाल्यांनी भांडणांचं झाकण भिंतीवर लावलं. मग ब्रेकबाईंचं हरलेलं झाकण उचलून ब्रशकडे नेलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि त्याला दुसरा खिळा शोधू लागले. नियमात बसत नाही, असं मास्तर म्हणालेसुद्धा. "बसवा," रंगवाले म्हणाले. वर्षभराच्या भांडणांतलं पहिलं ते जिंकले.

ऊन कलताना दोघी मैत्रिणी निघाल्या. गाडी अक्कलदाढबाईंची. चालवायला त्याच. शेजारची सीट मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसासाठी ठेवतात तेवढी. ब्रेकबाईंनी ती पुढे ओढली नाही. तशाच बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली, वर ती जाड कादंबरी. ती अक्कलदाढबाई घरी वाचायला नेणार होत्या, पहिल्या पानापासून. शेवटचं पान त्यांनी बाईंच्याच केसातली पिन काढून मागच्या पुठ्ठ्याला अडकवून टाकलं होतं.

चौकात पोचल्यावर ब्रेकबाई म्हणाल्या, "उजवीकडून घे. डावीकडे खोदून ठेवलंय."

"डावीकडून लवकर पोचतो."

"कुणी सांगितलं? उजवीकडे सिग्नल एक आहे, तिकडे तीन."

"तूसुद्धा त्याच्यासारखीच," अक्कलदाढबाई म्हणाल्या, आणि गाडी डावीकडे घातली. समोर खोदकाम, आडवी फळी, फळीमागे एक मांजर. सवयीप्रमाणे ब्रेकबाईंचा पाय खाली गेला, आणि सीट मागे असल्यामुळे नुसताच हवेत राहिला. त्यांनी ओशाळून तो मागे घेतला.

"दाब, दाब," मैत्रीण गाडी मागे घेत म्हणाली. "त्या बाजूला कुरकुर करायला कुणीतरी लागतंच. आणि ती सीट पुढे ओढ आधी, पाय पोचत नाही तुझा."